तुम्ही स्वतः पाहिलंत का?

परवा आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. सप्टेंबर संपायच्या आत ती घ्यावी लागते, म्हणून आम्ही घेतो. खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायच्या, चहा-बिस्किटं सांगायची, हिशेब वाचायचा, "मंजूर, मंजूर" म्हणायचं आणि घरी जायचं. मला वयाचा मान म्हणून अध्यक्षाच्या खुर्चीत बसवतात. काम काही नसतं, शेवटी आभार मानायचे.

तर झालं असं, की हिशेब मंजूर झाला, टाकीच्या दुरुस्तीचा खर्च मंजूर झाला आणि सगळे चहाकडे बघू लागले. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची सूनबाई उभी राहिली. नवीन लग्न होऊन आलेली, ठाण्याला नोकरी करते. म्हणाली, "काका, आपल्या बिल्डिंगला तीस वर्षं कधीच होऊन गेली. स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का? झालं असेल तर तो रिपोर्ट कोणी पाहिलाय?"

आमचे सचिव गेली अठरा वर्षं एक पैसा न घेता सोसायटीचं काम बघतात. रात्री दोन वाजता पंप बंद पडला तरी लुंगीवर खाली उतरणारा माणूस. त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे? माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?" एवढंच बोलले. मग बाकीच्यांनी सुरू केलं. "अगं, इतकी वर्षं ते बघतायत." "तू काल आलीस, बस खाली." ती बसली. मी आभार मानले. चहा झाला.

रात्री मात्र मला झोप लागेना. सभेत जी शांतता पसरली, ती माझ्या ओळखीची होती. चाळीस वर्षांपूर्वी याच गावात मी तिच्यात बसलो होतो. आज त्याबद्दल लिहायचं आहे. घरच्या काही मंडळींनाही ही गोष्ट ठाऊक नाही.

भिवंडीबाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडं गावाविषयी. भिवंडी म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात, यंत्रमाग आणि दंगल. पहिली खरी आहे. दुसरीही खरी आहे, पण अर्धीच. इथं कोकणी मुसलमान पूर्वापार राहतात. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर आहेत, तेलंगणातून आलेले पद्मशाली आहेत, आजूबाजूच्या गावांतून आगरी, कुणबी, कोळी आहेत. ब्राह्मण आळी, कासार आळी, निजामपुरा, बंदर मोहल्ला, पद्मानगर ही नुसती नावं वाचली तरी गाव कसं वसलं ते कळतं. मागावर ताणा एकाचा, बाणा दुसऱ्याचा आणि कापड तिसऱ्याचं, असा इथला धंदा. एकमेकांवाचून कोणाचं चालत नाही.

तरीही ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली. मी तेव्हा कॉलेजात होतो. मिरवणूक कुठल्या रस्त्याने जावी, घोषणा कोणत्या द्याव्यात, गुलाल कुठं उधळावा यावरून साठच्या दशकात दरवर्षी कुरबुरी होत. बैठका होत, पुढारी हात मिळवत, आणि आम्ही सामान्य माणसं म्हणत असू, "मोठी माणसं बघतायत ना, मग आपण कशाला?" तिकडे जळगाव आणि महाडलाही आग पोचली. न्यायमूर्ती डी. पी. मदन यांचा चौकशी आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल भलामोठा आहे. मी तो पुढं बऱ्याच वर्षांनी चाळला. वाचताना मला एकच गोष्ट सतत जाणवत होती. मोठ्यांच्या बैठका होत होत्या, पण गल्लीत राहणाऱ्याला कोणी काही विचारत नव्हतं आणि गल्लीत राहणाराही कोणाला काही विचारत नव्हता.

पुन्हा १९८४ चा मे महिना आला.

मी तेव्हा तेहेतीस वर्षांचा होतो. शाळेत मराठी शिकवायचो. आमची चाळ बारा खोल्यांची. मधे अंगण, एक नळ, मागे संडास. शेवटच्या खोलीत एक मुसलमान कुटुंब राहायचं. आजमगढकडचे. तो मागावर कामाला, दिवसपाळी असली की संध्याकाळी अंगणात खाट टाकून पडायचा. मोठा मुलगा आठ-नऊ वर्षांचा. उर्दू शाळेत जायचा, पण त्याला मराठी वाचायची हौस. संध्याकाळी बालभारतीचं पुस्तक घेऊन माझ्या पायरीवर बसायचा. 'ळ' म्हणता यायचा नाही. 'बाळ' ला 'बाल' म्हणायचा, मग आम्ही दोघं हसायचो.

दंगल सुरू झाली त्या रात्री चाळीतले पुरुष अंगणात जमले. गावात वीज नव्हती. लांबवर आकाश लाल दिसत होतं. नेहमी रात्रभर चालणारी मागांची खटखट थांबली होती. भिवंडीत राहणाऱ्यालाच कळेल की त्या आवाजाशिवाय रात्र किती भयंकर असते. कोणीतरी म्हणालं, शेजारच्या कारखान्यात हत्यारं आणून ठेवली आहेत. कोणीतरी म्हणालं, शेवटच्या खोलीत काल दोन अनोळखी माणसं आली होती. मग चाळीतले सर्वांत वडीलधारे गृहस्थ बोलले. अतिशय सज्जन माणूस. कोणाच्याही घरी मयत झालं की पहिले तेच हजर. ते म्हणाले, "त्यांना सांगू या, पहाटे निघून जा. त्यांच्याच भल्याचं आहे. इथं राहिले तर त्यांच्या जिवालाही धोका आणि आपल्याही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

त्या चाळीत बी.ए. झालेला मी एकटा. वर्गात रोज पोरांना विचारायचो, "हे तुला कोणी सांगितलं? पुस्तकात कुठं आहे? दाखव." त्या रात्री मात्र माझ्या तोंडून एक प्रश्न निघाला नाही. हत्यारं कोणी पाहिली? ती दोन माणसं कोण, कोणी विचारलं का? आणि सगळ्यात साधा प्रश्न म्हणजे पहाटेच्या संचारबंदीत बायकामुलांना घेऊन हे जाणार कुठं? बाहेर धोका कमी आहे की इथं?

निर्णय एकमताने झाला होता. त्यात कोणाचा द्वेष होता असं मला आजही वाटत नाही. भीती होती, आणि वडीलधाऱ्यांवर विश्वास होता.

पहाटे ते निघाले. एक ट्रंक, एक स्टोव्ह, कडेवर धाकटी. मुलगा माझ्या दाराशी आला आणि पुस्तक पायरीवर ठेवून गेला. मी दार उघडलं नाही. आत जागा होतो.

ते परत आले नाहीत. पुढं त्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं. नातेवाइकांकडे सुखरूप पोचले असतील, गावी गेले असतील, असं मी मला अनेक वर्षं सांगत आलो. त्यांच्या मालकाकडे जाऊन विचारता आलं असतं. तेही मी केलं नाही. उत्तर नको असलं की माणूस प्रश्न विचारत नाही, हे मला तेव्हा कळलं.

त्या दंगलीत भिवंडीत जे घडलं ते इतरांनी लिहिलेलं आहे. ठाणे-मुंबईपर्यंत ती पसरली. अन्सारी बागेचं नाव घेतलं की आजही जुनी माणसं गप्प होतात. मी त्या तपशिलात जात नाही.

आता दुसरा भाग सांगतो. हा भाग मुंबईच्या वर्तमानपत्रांत मानाने कमी आला.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. ८४ च्या दंगलीचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. तोवर गावात शांतता समिती असायची. तिच्यात कोण, तर दोन्हीकडचे पुढारी, बडे व्यापारी, प्रतिष्ठित. तणाव झाला की त्यांना बोलवायचं, फोटो काढायचा, शांततेचं आवाहन करायचं. खोपडेसाहेबांना दिसलं की ज्यांचं घर जळतं आणि ज्यांच्या हातून जळतं, त्यांच्यापैकी कोणीच त्या समितीत नसतं. म्हणून त्यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. वस्ती-वस्तीत एकेक समिती, तिच्यात दोन्ही समाजांची माणसं, आणि तीही मागवाले, रिक्षावाले, भाजीवाले, टेलर, डॉक्टर, मास्तर अशी साधी. सोबत त्या भागाचा पोलीस अधिकारी. मुख्य म्हणजे बैठक भांडण नसताना घ्यायची, नियमित घ्यायची. आता हे ऐकायला सोपं वाटतं. तेव्हा आम्ही हसलो होतो.

मला मास्तर म्हणून बोलावणं आलं. आलटून पालटून बसायचं असा नियम होता, एकाशेजारी एक आपलेच लोक नकोत. पहिल्या दोन-तीन बैठकांत नुसती गटारं आणि नळ. मला वाटलं, यातून काय होणार? पण गटार हा विषय मोठा गुणी. गटार तुंबलं की पाणी दोघांच्याही घरात शिरतं. "तुमच्या लोकांनी कचरा टाकला" म्हणायला गेलं की दुसरा विचारायचा, "कोणी? कधी? चला, दाखवा." मग सगळे उठून बघायला जायचो. बऱ्याचदा तिसरंच कारण निघायचं, पाइप फुटलेला असायचा.

बैठकीचा वृत्तान्त लिहायचं काम माझ्याकडे होतं. एका बैठकीत एक म्हातारे विणकर उठले आणि फौजदारांना म्हणाले, "साहेब, ८४ ला आम्ही ठाण्यात निरोप पाठवला तेव्हा पोलीस कुठं होते?" सगळ्यांचा श्वास अडकला. पोलिसाला असं विचारायचं? फौजदार क्षणभर थांबले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, लिहून घ्या हा प्रश्न." उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. पण त्यांनी प्रश्न लिहायला लावला. माझ्या मते आमची समिती त्या दिवशी खरी सुरू झाली. त्यानंतर माणसं मोकळी बोलू लागली, कारण इथं विचारलं तर कोणी खाली बसवत नाही हे दिसलं होतं.

हळूहळू आणखी एक बदल झाला. तो माझ्या फार उशिरा लक्षात आला. सुरुवातीला आम्ही हिंदू मुसलमानांना प्रश्न विचारायचो आणि मुसलमान हिंदूंना. वर्षभरात आम्ही आपापल्या माणसांना विचारू लागलो. गणपतीच्या वेळी मंडळाचा पोरगा तावातावाने काही सांगू लागला की आमच्यातलाच कोणी म्हणे, "थांब. तू स्वतः पाहिलंस का?" तिकडेही तेच. "तूने खुद देखा क्या?" हा प्रश्न इतका रुळला की लोक थट्टेत वापरू लागले. चहात साखर कमी आहे म्हटलं की शेजारचा विचारी, "खुद देखा क्या?"

६ डिसेंबर १९९२. संध्याकाळी अयोध्येची बातमी आली. त्या रात्री आम्ही समितीची माणसं नाक्यावर जाऊन उभे राहिलो. थंडी होती, कोणी शाल पांघरलेली, कोणी कानटोपी. नऊच्या सुमारास आमच्याच आळीतला एक तरुण सायकलवरून धापा टाकत आला. अमुक देवळाला आग लावली म्हणाला. दहा-पंधरा पोरं लगेच उठली. क्षणभर मला ८४ चं अंगण दिसलं. तेच लाल आकाश, त्याच माना. या वेळी मी विचारलं. आवाज चिरका निघाला असेल, पण विचारलं, "तू स्वतः पाहिलंस का?"

तो गडबडला. "नाही... मला नाक्यावर कोणीतरी सांगितलं."

"कोणी?"

त्याला सांगता येईना. मग समितीतले एक टेलर आणि एक हिंदू दुकानदार, दोघं एकाच स्कूटरवर बसून बघायला गेले. वीस मिनिटांनी परत आले. देऊळ जागेवर होतं, पुजारी जेवून झोपला होता. त्याला उठवला म्हणून तो चिडला, एवढंच. त्या रात्री अशा तीन अफवा आल्या. एक आमच्याकडची, दोन त्यांच्याकडच्या. तिन्ही वेळा कोणी ना कोणी बघून आलं.

मुंबईत त्या डिसेंबर-जानेवारीत सुमारे ९०० माणसं गेली. भिवंडी शांत राहिली. ज्या गावाचं नाव घेतलं की दंगल आठवायची, ते शांत राहिलं. तोवर खोपडेसाहेबांची बदली झाली होती, पण मागून आलेल्यांनी समित्या चालू ठेवल्या होत्या. पुढं खोपडेसाहेबांनी या सगळ्यावर 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' हे पुस्तक लिहिलं. नंतर मुंबईतही १९९४ च्या सुमारास सतीश सहानी, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. म्हणजे मुंबईने भिवंडीकडून काही शिकलं. भिवंडीकराला हे सांगताना छाती जरा फुगते, ती मंडळींनी समजून घ्यावी!

पण मास्तरने गोष्ट इथं संपवली तर ती खोटी होईल.

समित्यांना पुढं उतरती कळा लागली. अधिकारी बदलत गेले. काहींना बैठक म्हणजे वेळेचा अपव्यय वाटला. गल्लीतली साधी माणसं गळाली, पुन्हा बिल्लेवाली मंडळी आली. मीही चाळ सोडून फ्लॅटमध्ये आलो आणि जाणं बंद केलं. "आता सगळं शांत आहे, कशाला जायचं?" हे मी स्वतः बोललेलं वाक्य आहे. मग जुलै २००६ मध्ये कोटरगेट भागात एका पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या जागेवरून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. गोळीबारात दोन नागरिक गेले, आणि त्याच रात्री दोन पोलीस शिपायांना मारून टाकण्यात आलं. हिंदू-मुसलमान दंगल ती नव्हती, पण पोलीस आणि वस्ती यांच्यातला जो धागा आम्ही चार वर्षं विणला होता, तो कुठं तुटला होता हे दिसलं. ती बातमी वाचताना मला ते म्हातारे विणकर आठवले. त्यांचा प्रश्न लिहून घेणारं त्या दिवशी तिथं कोणी असतं तर?

तेव्हापासून मला एक कोडं पडलं होतं. आमचा विश्वास समितीवर होता की खोपडेसाहेबांवर? साहेब गेले आणि हळूहळू प्रश्न विचारण्याची सवयही गेली, म्हणजे ती सवय आमची नव्हतीच का? साहेबाशिवाय, वरून कोणी न सांगता, एकत्र राहणारी माणसं ही सवय टिकवू शकतात का?

याचं उत्तर मला निवृत्तीनंतर मिळालं, तेही पुस्तकात. पुतणीने मिलिंद बोकील यांचं 'गोष्ट मेंढा गावाची' दिलं. गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे शंभरेक घरांचं गोंड लोकांचं गाव. देवाजी तोफा हे त्यांचे नेते, आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे बाहेरचे सोबती होते. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्याच गावाची. २००९ मध्ये त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा अधिकार त्यांनी झगडून मिळवला. पण मला भावली ती त्यांची निर्णयाची पद्धत.

मेंढ्यात बहुमताने निर्णय होत नाही. सर्वसहमतीने होतो. एक जरी माणूस तयार नसेल तरी विषय पुढच्या बैठकीला जातो, त्याला आणि इतरांना विचार करायला वेळ मिळतो. आता कोणी म्हणेल, आमच्या चाळीतही सर्वांची संमती होतीच की! इथंच फरक आहे. मेंढ्यात ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट असतो. ग्रामसभेत निर्णय घ्यायचा, अभ्यासगटात निर्णय घ्यायचा नाही. तिथं फक्त विचारायचं, माहिती काढायची, बाहेरचा कोणी जाणकार असेल तर त्याला बोलवायचं, उलटसुलट बोलायचं. कायदा काय म्हणतो, जंगलात खरंच काय आहे, मोजून बघायचं. तिथं कोणी हरत नाही की जिंकत नाही, कारण तिथं काही ठरवायचंच नसतं. त्यामुळे प्रश्न विचारला म्हणून कोणाचा अपमान होत नाही. प्रश्नांना त्यांनी वेगळी ओसरी बांधून दिली आहे असं म्हणा ना.

पवनारला विनोबांनी १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, तिथल्या भगिनींचा कारभारही सर्वसंमतीने चालत आला. म्हणजे ही कल्पना आपल्या मातीत नवी नाही. पण सर्वसंमती दोन प्रकारची असते हे मला या वयात कळलं. एक संमती सगळे विचारून झाल्यावर येते, दुसरी कोणीच न विचारल्यामुळे येते. वृत्तान्ताच्या वहीत दोन्ही सारख्याच दिसतात. 'ठराव सर्वानुमते मंजूर.' १९८४ च्या आमच्या अंगणात वही असती तर तिच्यातही मी हेच लिहिलं असतं, सुवाच्य अक्षरात.

आपण लहानपणापासून समजतो की विश्वास आणि प्रश्न एकमेकांचे वैरी. वडिलांना विचारलं की उलट बोलला, गुरुजींना विचारलं की आगाऊ, सचिवांना विचारलं की संशयी. माझा अनुभव याच्या उलटा आहे. ८४ मध्ये आम्ही आपल्या माणसांवर डोळे मिटून विश्वास ठेवला आणि सगळा संशय शेवटच्या खोलीसाठी राखून ठेवला. ९२ मध्ये आम्ही आपल्याच माणसाला अडवून विचारलं, आणि त्यामुळे पलीकडच्यावर विश्वास ठेवता आला. परक्याशी विश्वासाने वागायचं असेल तर आधी आपल्यांना विचारायची सवय लागते. आणि ती सवय शांततेच्या काळात लावून घ्यावी लागते. जळायला लागल्यावर शिकायला वेळ नसतो.

असो. परत सोसायटीकडे येतो.

त्या रात्री मला आठवत होता २०२० चा सप्टेंबर. इथल्याच पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत पहाटे कोसळली, माणसं झोपेत गाडली गेली. ती १९८४ साली बांधलेली होती. आमची इमारत तिच्याहून चार वर्षांनीच लहान. तीस वर्षं झालेल्या इमारतीची तपासणी करून घ्यावी असा कायदा आहे, हे मला ठाऊक होतं. तरी मी अध्यक्षाच्या खुर्चीत बसून आभार मानले. तीच शांतता, फक्त या वेळी खुर्ची बरी होती.

सकाळी सचिवांकडे गेलो. ते नाराज होतेच. मी म्हटलं, "तिने तुमचा हिशेब तपासायला मागितला नाही हो. तिने विचारलं, आपण सगळे जिथं झोपतो ती इमारत कोणी पाहिली आहे का?" ते काही बोलले नाहीत. मग मी त्यांना शेवटच्या खोलीची गोष्ट सांगितली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी सांगितली. चहा निवून गेला.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "ऑडिट नाही झालेलं, सर. दोनदा विषय काढला होता कमिटीत. खर्च येईल म्हणून सगळे म्हणाले, पुढं बघू. मग मीही सोडून दिलं. कोणी विचारलंच नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. इतकी वर्षं तो माणूस हे ओझं एकटा वाहत होता. आम्ही ज्याला विश्वास म्हणत होतो, त्याने त्यांना एकटं पाडलं होतं.

पंधरा दिवसांनी विशेष सभा बोलावली. या वेळी मी आरंभीच सांगितलं, आज निर्णय नाही, आज फक्त प्रश्न. सूनबाईला वही दिली आणि म्हटलं, सगळे लिहून घे. पहिला अर्धा तास कोणी बोलेना. मग तळमजल्यावरच्या आजींनी विचारलं, "माझ्या मोरीच्या खांबाला भेग पडली आहे, ती कोणाला दाखवायची?" आणि मग प्रश्न थांबेचनात. एकूण तेवीस झाले. इंजिनियर येऊन गेला. तळमजल्याचे तीन खांब दुरुस्त करावे लागतील म्हणाला. पैसे जमवायचे आहेत, त्यावर भांडणं होतील, दोन घरांनी आत्ताच कुरकुर सुरू केली आहे. होऊ देत. सचिव आता मला जिन्यात भेटले की स्वतःच विचारतात, "सर, खांब पाहिलेत का स्वतः?"

मी रोज सकाळी पाहतो.

बालभारतीचं ते पुस्तक अजून माझ्याकडे आहे. मुखपृष्ठ फाटलं आहे. आत 'बाळ' या शब्दाखाली पेन्सिलीने दोन रेघा मारलेल्या आहेत. तो मुलगा आज पन्नाशीचा असेल. कुठं आहे, कसा आहे, मला माहीत नाही. तो प्रश्न विचारायची वेळ होती तेव्हा मी दार लावून बसलो होतो.

तुमच्या घरात, वाड्यात, सोसायटीत पुढच्या वेळी कोणी उभं राहून काही विचारलं आणि सगळे त्याला बसवू लागले, तर मंडळी, एवढं करा. त्याला बसू देऊ नका. आधी प्रश्न लिहून घ्या. उत्तर सावकाश शोधू.